हानी शून्य टक्के

इम्तियाज पटवेगारच्या नऊ बोटांवर मिळून एकेचाळीस वण होते. पत्र्याच्या धारेनं झालेले, तांदळाच्या कणीएवढे, पांढरे. दहाव्या बोटावर, म्हणजे डाव्या तर्जनीवर, एकही नव्हता. ते बोट गुलाबी होतं, गुळगुळीत होतं आणि शेजारच्या बोटांहून पस्तीस वर्षांनी लहान दिसत होतं. कामगारांच्या जखमा तपासणारी सरकारी तज्ज्ञ मुक्ता इंगवले हिनं भिंग बाजूला ठेवलं आणि नमुना सात या फॉर्मच्या पहिल्या रकान्यात लिहिलं : लांबी बहात्तर मिलिमीटर.

"पास?" इम्तियाजनं विचारलं.

"अजून अकरा रकाने आहेत."

"मागच्या येळी तुमी चहा यायच्या आत सही केलीसा."

ते खरं होतं. मागच्या वेळी, म्हणजे सव्वा वर्षापूर्वी, याच खुर्चीत बसून याच माणसाच्या याच बोटाला तिनं 'मूळ कामास योग्य' असा दाखला दिला होता. पाच आठवड्यांनी ते बोट पुन्हा पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेलं. आज तिच्यासमोर होती ती त्या जागी दुसऱ्यांदा उगवलेली तर्जनी.

नख ठीक. तिन्ही सांधे ठीक. पकड एकोणतीस किलो, चांगलीच. घोड्याच्या केसाएवढा बारीक धागा टेकवला तरी इम्तियाज लगेच "हां" म्हणत होता. गरम कळत होतं, गार कळत होतं. बाराही रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या.

"आता डोळे मिटा," मुक्ता म्हणाली.

"हे फॉर्मात हाय?"

"नाही. माझ्या समाधानासाठी."

तिनं त्याची तर्जनी दोन्ही कडांनी अलगद धरली, वरखाली दाब पडून खूण मिळू नये म्हणून, आणि किंचित वर उचलली. "वर की खाली?"

"खाली."

"आता?"

"वर. न्हाय, थांबा. खाली."

असं वीस वेळा झालं. अकरा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी दहा बरोबर आलीच असती. उजव्या तर्जनीवर हीच चाचणी घेतली, तेव्हा वीसपैकी वीस.

"हुशार हाय उजवी," इम्तियाज डोळे उघडत म्हणाला. "डावी शाळंत गेली न्हाय अजून."

गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत अशा उगवलेल्या बोटाला 'पालवी' म्हणायचे. सरकारी नाव पाच शब्दांचं होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. मूल लहान असताना त्याच्या बोटाचं टोक तुटलं, तर ते कधीकधी आपोआप परत वाढतं, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. मोठ्यांच्या शरीराला तेवढा धीर नसतो. जखम दिसली की ते घाईघाईनं कातडी ओढून दार लावून घेतं. पालवीच्या उपचारात तुटलेल्या जागी एक पारदर्शक टोपण बसवत. त्यातला द्राव कातडीला थोपवून धरी आणि जखमेतल्या पेशींना आईच्या पोटात असतानाची जुनी आज्ञा पुन्हा देई : बोट करा. चौदा महिन्यांत बोट तयार व्हायचं.

दिसायला बोटच. पण पालीची नवी शेपटीही दिसायला शेपटीच असते. आत मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. माणसाच्या पालवीत हाड यायचं, रक्त यायचं, कातडीतली स्पर्शाची टोकं यायची. यायची नाही ती एक गोष्ट. डोळे मिटले तरी आपला हात कुठं आहे, बोट किती वाकलंय हे आपल्याला कळतं, कारण सांध्यांभोवतीचे आणि मनगटामागच्या स्नायूंतले बारीक ताणमापक क्षणोक्षणी मेंदूला खबर देत असतात. पालवीच्या सांध्यांत ते उगवत नसत. बोट ओढणाऱ्या नव्या दोऱ्यांचा ताण जुन्या स्नायूंना समजत नसे. मेंदूच्या लेखी त्या जागी कुणी राहत नव्हतं. इम्तियाजला बोट टोचलं तर कळत होतं. पण ते कुठं आहे, हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं, आणि प्रेसवर मिनिटाला अठरा वेळा पत्रा सरकवणारा माणूस बोटाकडे बघत नाही, साच्याकडे बघतो.

हे मुक्ताला सहा वर्षांपूर्वीपासून माहीत होतं. नमुना सात तयार करणाऱ्या समितीत ती सर्वांत कनिष्ठ होती. तिच्या मसुद्यात तेरावा रकाना होता : डोळे मिटून स्थितीची जाणीव. अकरा मिनिटांची चाचणी. समितीचे अध्यक्ष डॉ. नाडगौडा मसुदा बघून हसले होते. "मुक्ता, छान आहे. पण फॉर्म एका पानात बसला पाहिजे. दोन पानी फॉर्म कुणी भरत नाही." तिनं आधी अक्षरं लहान करून बघितली. बसेना. मग तिनंच तो रकाना पुसला. पुढच्या सुधारणेत घालू, असं ठरलं. पुढची सुधारणा झालीच नाही.

गेल्या वर्षभरात तिनं सात पत्रं लिहिली होती. सोबत स्वतःच्या वहीतली आकडेवारी : त्रेसष्ट पालव्या, त्यांतल्या बावीस वर्षाच्या आत पुन्हा जखमी. पहिल्या सहा पत्रांना 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आले आहे' असं उत्तर आलं. सातवं पत्र मुंबईतल्या चार टेबलांवरून फिरून मागच्या मंगळवारी तिच्याच टेबलावर आलं. वर शेरा होता : 'विषयतज्ज्ञ म्हणून अभिप्राय द्यावा.'

दर दाखल्याच्या वेळी ती ठरवायची की ही शेवटची सही. त्रेसष्ट वेळा ठरवून झालं होतं.

"मग, सोमवारी जाऊ कामावर?" इम्तियाजनं विचारलं.

"शुक्रवारी वैद्यकीय मंडळासमोर सांगते."

"मंडळ कशाला? सही तर तुमचीच लागती."

"दुसऱ्यांदा झालेल्या अपघाताला मंडळ लागतं."

तो उठला, दाराशी गेला आणि दाराच्या कडेवर त्याची तर्जनी आपटली. "आयला," तो म्हणाला आणि हसला. मुक्ताला ते हसू बघवलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती खवरे प्रेसिंग्जमध्ये गेली. कामाची जागा बघण्याचा अधिकार तिला होता, मात्र सहा वर्षांत तिनं तो कधी वापरला नव्हता. तिला बघून माणिकराव खवरे स्वतः बाहेर आले. साठीचे, पांढरी विजार, खिशाला तीन पेनं. प्रेसवर हेल्पर म्हणून लागलेले आणि आता अकरा प्रेसचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला मधलं बोट आणि अनामिका नव्हती. ती पालवीच्या आधीच्या काळात गेलेली.

"या ताई, या. चहा घेणार न्हवं? बिनसाखरेचा सांगू?"

"मशीन बघते आधी. इम्तियाजचं."

"बगा की. लपवायला काय हाय हितं?"

आणि खरोखरच काही लपवलेलं नव्हतं. तीच गोष्ट तिला नंतर सर्वांत जास्त चिडवत राहिली. चाळीस टनी प्रेस, क्रमांक चार. समोर दोन हिरवी बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येऊ नये, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतील, अशी योजना. डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. पाचर हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती. कुणीतरी तिला हिरवा रंगही दिला होता.

"ही पाचर?"

"त्येची काय गोष्ट," खवरे म्हणाले. "एका हातानं बटण, एका हातानं पत्रा. तवा अठरा नग निघत्यात मिनटाला. दोन्ही हातांनी दाबत बसलं तर अकरा."

"आणि प्रकाशाचा पडदा? हात आत गेला की मशीन थांबवणारा?"

"काढून ठिवलाय. माशी गेली तरी थांबायचं वो मशीन. पोरं शिव्या द्यायची."

"मालक, बोटं जातात ना याच्यामुळं."

"जात्यात," खवऱ्यांनी मान डोलावली. "तुमचं बरोबर हाय."

"मग?"

"मग येत्यात की परत!" ते अगदी सरळपणे म्हणाले. "हे बगा ताई, माझी दोन गेली तवा काय झालं ठावं हाय? तपासणीचा साहेब आला, मशीन सील केलं, मालकानं नवा पडदा बसवला, तवा मशीन सुटलं. तीन आठवडं बंद. मालक माझ्यावर लई भडकला, पन पडदा बसला. आता बोट गेलं की तुमी टोपण घालताय, चौदा महिन्यांनी लिहिताय 'हानी शून्य टक्के'. शून्य हानी झाल्यावर साहेब येतोय कशाला? ज्यांना आमी माल देतो ती गाड्यांची कंपनी सुदा कागद बगती. शून्य बगून खूश. म्या पडदा बसवला तर माझा नग शेजाऱ्यापेक्षा म्हाग. त्यो काय पडदा बसवणाराय?"

"म्हणजे माझा कागद बघून तुम्ही पडदा काढला."

"तुमचं बरोबर हाय," खवरे पुन्हा म्हणाले. त्यांच्याशी भांडणं शक्य नव्हतं. प्रत्येक वाक्य ते मान्य करत आणि प्रत्येक वाक्यानंतर पाचर जागच्या जागी असे. "ताई, म्या काय राक्षस न्हाय. पटवेगार चांगला गडी हाय. येऊ द्या सोमवारी. चहा सांगू न्हवं?"

प्रेसवर बसलेल्या माणसाकडे तिचं लक्ष गेलं. त्याची डावी करंगळी गुलाबी होती. ती तिनंच पास केली होती. तो ओळखीचं हसला आणि मशीन थांबवता आलं असतं तर त्यानं नमस्कारही केला असता, पण अठरा नगांत नमस्काराला जागा नव्हती.

*

गुरुवारी दुपारी रुबिना आली. इम्तियाजची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, एप्रनसकट आलेली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, तुमी त्यांना डोळं मिटाय लावलं म्हनं."

"हो."

"मला इचारायचं की. म्या सांगितलं असतं. भाकरी घेताना बोट तव्याला. दार लावताना बोट फटीत. शर्टाचं बटन लावताना मान खाली घालून बगत बसत्यात, नव्या नवरीसारखं. परवा धाकटीच्या वेणीला गाठ मारली, तर बोट आतच ऱ्हायलं. पोरगी हसली. हे बी हसले. मग मोरीत जाऊन उगंच नळ सोडून उभं ऱ्हायले."

मुक्तानं पाण्याचा ग्लास पुढे केला. रुबिनानं तो घेतला नाही.

"पास केलं तर परत त्या मशीनवर. पुन्हा टोपण, पुन्हा चौदा महिने. नापास केलं तर?"

"तर सहा आठवडे व्यायाम. बिनपगारी. मग पुन्हा हाच फॉर्म." तिला स्वतःचंच बोलणं ऐकून शरम वाटली. "आणि नापास करायला रकानाच नाही, रुबिना. बाराही रकान्यांत तो पास आहे."

"मग तिसरं काय लिवता येत न्हाय का तुमाला? एवढं शिकलाईसा."

मुक्तानं नमुना सात तिच्यापुढे सरकवला. तळाशी दोनच वाक्यं होती. पहिलं : अवयव आहे, हानी शून्य टक्के, मूळ कामास योग्य. दुसरं : अवयव नाही. तर्जनी नसेल तर चौदा टक्के कायमची हानी, कामगाराला त्याच पगारावर दुसरं काम, आणि संरक्षण बसवून तपासणी होईपर्यंत यंत्र बंद. पालवी आल्यापासून दुसऱ्या वाक्यावर कुणी खूण केली नव्हती.

रुबिनानं ते दोनदा वाचलं. "म्हंजे आधीच्या लोकांचं बरं हुतं," ती म्हणाली. "बोट गेलं तर गेलं म्हनायची तरी सोय हुती."

"इम्तियाजला स्वतःला काय हवंय?"

"ते सांगत्यात हुय? पुरुषमाणूस. तुमीच इचारा."

*

शुक्रवारी मंडळाच्या जिन्यावर तिनं विचारलं. इम्तियाज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. शेवटचं बटण चुकलेलं होतं.

"तुम्हाला प्रेसवर जायचंय का? खरं सांगा."

तो आधी विनोद करायच्या बेतात होता, असं तिला त्याच्या तोंडावरून दिसलं. मग त्यानं तो सोडून दिला. "न्हाय," तो म्हणाला. "आवाज ऐकला तरी हात मागं येतोय. पन म्या असं म्हणालो की कामचुकार. सरळ घरी. कागद म्हणाला तर गोष्ट येगळी. माझ्या तोंडाला किंमत न्हाय, मॅडम, तुमच्या हाय. आन एक सांगू? लोकं म्हणत्यात, नशीबवान हायस, फुकटात बोट मिळालं. म्या बी हो म्हणतोय. सारखं हो म्हणून कटाळा आलाय."

मंडळाच्या खोलीत डॉ. नाडगौडा मधे बसले होते. केस पिकले होते, हसू तेच होतं. बाजूला लिपिक गुरव आणि त्यांच्यापुढे नोंदयंत्र. तज्ज्ञाचा निष्कर्ष आता लिहून घेत नसत. तो मोठ्यानं उच्चारायचा, यंत्र तो नोंदवे, आणि एकदा नोंदला की अध्यक्षांनाही खोडता येत नसे. समोर खवरे, हातात चहाचा ग्लास तीन बोटांत तोललेला. मागे रुबिना.

"लवकर आटपू," नाडगौडा म्हणाले. "बाराही रकाने बरोबर दिसताहेत. मुक्ता?"

"सर, एक चाचणी दाखवायची आहे."

"फॉर्मातली?"

"फॉर्मातून काढलेली."

नाडगौडांनी चष्मा काढून पुसला. मुक्तानं इम्तियाजचा डावा हात टेबलावर ठेवला आणि त्यावर गुरवांची फाईल आडवी धरली. "उजव्या हातानं फाईलवर जिथं तुमच्या तर्जनीचं टोक असेल असं वाटतं, तिथं बोट टेकवा." इम्तियाजनं टेकवलं. मुक्तानं फाईल उचलली. टोक साडेपाच सेंटिमीटर दूर होतं. पुन्हा. सात. पुन्हा. चार, पण उलट्या बाजूला. खवऱ्यांनी ग्लास खाली ठेवला. पुढे वाकून ते स्वतः बघू लागले.

"च्यायला," ते हलकेच म्हणाले. "त्येला ठावंच न्हाय."

"हे बरोबर आहे," नाडगौडा म्हणाले. "शास्त्रीयदृष्ट्या तुझं म्हणणं मला सहा वर्षांपूर्वीही पटलं होतं. पण मुक्ता, आपल्याला चौकटीत राहून काम करायचंय. तू पत्र लिही."

"सात लिहिली, सर. सातवं मलाच आलं."

गुरवांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"मग आठवं लिही. सुधारणा होईल. तोवर कायदा एकच प्रश्न विचारतो : अवयव आहे की नाही. तेवढं सांग आणि याला कामाला जाऊ दे."

"आणि याचं पाच आठवड्यांनी पुन्हा गेलं तर?"

"तर पुन्हा उगवेल." मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी नजर वळवली. "हे बघ, समोर दिसणारी गोष्ट नाकारलीस तर तो खोटा दाखला ठरतो. तुझी नोंदणी जाईल. चौकशी लागेल. मी वाचवू शकणार नाही."

"गुरव, यंत्र चालू करा," मुक्ता म्हणाली.

छोटा लाल दिवा लागला. इम्तियाजचा हात अजून टेबलावर होता, बोटं पसरलेली. नवं बोट उन्हात गुलाबी दिसत होतं. नख नीट कापलेलं होतं. रुबिनानं कापलं असणार. मुक्ताला वाटलं होतं की या क्षणी छाती धडधडेल. प्रत्यक्षात तिला फक्त कंटाळा आला होता. पानात न बसणाऱ्या गोष्टींचा, मान्य करणाऱ्या माणसांचा आणि सर्वांत जास्त स्वतःच्या सहीचा. शास्त्र शिकताना तिला एक गोष्ट शिकवली होती : जे मोजलं ते लिहायचं. तिनं मोजलं होतं. ज्या माणसाचं ते बोट, त्याला ते सापडत नव्हतं.

"मुक्ता," नाडगौडा म्हणाले, "विचार कर."

"सहा वर्षं केला, सर."

ती यंत्राकडे वळली आणि वर्गात उत्तर देताना बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "इम्तियाज पटवेगार. खवरे प्रेसिंग्ज, प्रेस क्रमांक चार. डावी तर्जनी : नाही."